ऐश म्हणजे भाकरी

२०११ च्या जानेवारीत आम्ही मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात नुकतेच लागलो होतो. बी.एड. होऊन वर्षही झाले नव्हते. शाळा विनाअनुदानित. म्हणजे हजेरीपटावर सही रोजची आणि पगार संस्थेच्या मर्जीचा. ज्या महिन्यात मर्जी होई त्या महिन्यात पाकीट मिळे, आणि पाकीट उघडण्याआधीच आत किती असेल ते बोटांना कळे.

येथे एक खुलासा करून टाकतो. आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. अम्मींचे घराणे विणकरांचे, पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून आलेले. त्या बोलीत ‘मैं’ नाही, ‘हम’ आहे. अब्बा बागलाणातल्या खेड्यातून लूमवर कामाला आलेले, त्यांची घरातली भाषा मराठी. आम्ही मराठीत लिहितो, पण अम्मींचे ‘हम’ काही सुटत नाही. त्यात कसला तोरा नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

तर त्या जानेवारीत स्टाफरूममध्ये ट्युनिशियाचा विषय निघाला. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद नावाच्या गावात मोहम्मद बुअझिझी या सव्वीस वर्षांच्या फळ-भाजीच्या हातगाडीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले. त्याचा माल आणि तराजू जप्त झाला होता आणि दाद मागायला गेला तर कोणी दाराशी उभे केले नव्हते. ४ जानेवारीला तो वारला. दहा दिवसांत, १४ जानेवारीला, तेवीस वर्षे सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष झीन अल-आबिदीन बिन अली विमानात बसून सौदीला निघून गेले. पेपरांत छापून आले की बुअझिझी पदवीधर होता. झाले! आमच्या स्टाफरूमचा तो लगेच आपला माणूस झाला. डी.एड., बी.एड. झालेली आणि बिनपगारी राबणारी आठ-दहा माणसे आम्ही. ‘‘बी.ए. होके ठेला लगाता था बेचारा,’’ असे म्हणत आमच्या गणिताच्या सरांनी चष्मा पुसला. पुढे कळले की तो पदवीधर नव्हता, त्याचे शाळाशिक्षणही पुरे झालेले नव्हते. हे आम्ही सरांना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. जणू त्या माणसाचे दुःख एका सर्टिफिकेटाने कमी झाले होते. आम्हालाही, खरे सांगायचे तर, थोडे कमी वाटले होते.

मग २५ जानेवारीला इजिप्त पेटले. कैरोच्या तहरीर चौकातून जी घोषणा टीव्हीवर ऐकू येई तिचे पहिले तीन शब्द होते, ‘ऐश, हुर्रिया, अदाला’. हुर्रिया म्हणजे स्वातंत्र्य हे उर्दूवाल्याला सांगावे लागत नाही, अदालाही कळते. घोळ झाला तो पहिल्या शब्दाने. आमच्या हेडसरांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘ये लोग सड़क पे मरने को निकले हैं और माँग क्या रहे हैं? ऐश?’’

उर्दूत, हिंदीत आणि आता मराठीतही ऐश म्हणजे मौजमजा. कॉलेजातली पोरे ‘ऐश कर’ म्हणतात ती. आम्ही त्या संध्याकाळी मामूजानना विचारले. मामूजान कुवेतमध्ये चौदा वर्षे एका भटारखान्यात कामाला होते आणि त्यांच्या खोलीत दोन मिसरी राहत. ते हसले. म्हणाले, ‘‘बेटा, मिसरी के मुँह में ऐश मतलब रोटी. और कुवेती के मुँह में ऐश मतलब चावल. पहले-पहले मैं भी चकरा गया था. एक बोले ऐश लाओ तो रोटी, दूसरा बोले ऐश लाओ तो भात.’’ मूळ अरबी शब्दाचा अर्थ जगणे. ज्याच्यावर माणूस जगतो ते ऐश. नाईलच्या काठी ते भाकरी झाले, खाडीत भात झाले, आणि आमच्याकडे येईपर्यंत दरबारातून आल्यामुळे की काय, मौज झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे वर्गात फळ्यावर लिहिले. नकाशा काढला, नाईल काढली, कैरोच्या उत्तरेला एक टिंब देऊन ‘अल-महल्ला अल-कुब्रा’ लिहिले. म्हणजे मोठा मोहल्ला. मुलांना गंमत वाटली. त्यांना सांगितले, हा मिसरचा मालेगाव समजा. तिथेही सूत आणि कापड. फरक एवढाच की तिथे सरकारी कंपनीची एक प्रचंड गिरणी, हजारो कामगार एका आवारात. डिसेंबर २००६ मध्ये कबूल केलेला बोनस मिळेना तेव्हा त्या गिरणीत वीस हजारांहून अधिक लोक संपावर गेले. सुरुवात शिवण विभागातल्या बायकांनी केली. त्या मशीन बंद करून पुरुषांच्या विभागाकडे ओरडत गेल्या की बायका आल्या, पुरुष कुठे आहेत? ६ एप्रिल २००८ रोजी त्याच गावात पुन्हा संप ठरला. पोलिसांनी गिरणी ताब्यात घेऊन तो होऊ दिला नाही, तर पाव आणि धान्याच्या महागाईने कावलेले गाव रस्त्यावर आले आणि होस्नी मुबारक यांचे भलेमोठे चित्र फाडले गेले. तहरीर चौक आभाळातून पडला नव्हता, त्याआधी हे सगळे झालेले होते. आमच्या वर्गातल्या तीसेक मुलांपैकी वीस-बावीस मुलांचे बाप लूमवर होते. ती मुले इतकी शांत बसलेली आम्ही तोवर पाहिली नव्हती.

आमच्या चौकातल्या चहाच्या हॉटेलात मात्र मत एक नव्हते. पोरांना मुबारक कधी जातो याची घाई. दाढीवाले बुजुर्ग म्हणत, हाकिमाविरुद्ध उठणे म्हणजे फितना. एक लूममालक रोज एकच वाक्य बोले, ‘‘धंदा बैठ जाएगा उनका.’’ तो बोलला की पोरे हसत. आम्हीही हसत होतो. पण २ फेब्रुवारीला टीव्हीवर जे दिसले त्यानंतर आमचे हसू जरा आवरले.

आदल्या रात्री मुबारकांनी भाषण केले होते. आपण पुन्हा उभे राहणार नाही, याच मातीत मरू, असे ते म्हणाले. कैरोत अनेक घरांतून लोकांचे डोळे भरून आले. म्हातारा माणूस, युद्ध लढलेला, बापासारखा. जाऊ द्या आता, मुलांनी घरी जावे, असा सूर त्या एका रात्रीत तयार झाला. आणि दुसऱ्या दुपारी घोडे आणि उंट घेऊन माणसे तहरीरमधल्या गर्दीवर चाबूक आणि काठ्या चालवीत घुसली. जगभर त्या दिवसाला उंटांची लढाई म्हणतात. ही माणसे बरीचशी नझलत अस-सम्मानची होती. पिरॅमिडच्या पायथ्याचे गाव. तिथली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या परदेशी पाहुण्यांना उंटावर-घोड्यावर फिरवून पोट भरतात. सत्ताधारी पक्षाच्या लोकांनी त्यांना पैसे देऊन धाडले, असा आरोप झाला. मोठमोठ्या नावांवर खटला चालला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्या गावकऱ्यांतले काही म्हणत राहिले की आम्ही फक्त सांगायला गेलो होतो, पाहुणे परत येऊ द्या, जनावरे उपाशी आहेत.

खरे-खोटे अल्ला जाणे. चाबूक खरे होते, फुटलेली डोकी खरी होती. पण आमचे नाना टांगा चालवीत. गावात बंद असो, कर्फ्यू असो, नाना अंगणात उभे राहून घोड्याकडे बघत राहत. अम्मी सांगतात, एकदा ते घोड्याला म्हणाले, तुला कोणी सांगितलेच नाही का रे की आज बंद आहे? मालेगावने २००१ ची दंगल पाहिली, २००६ चे कब्रस्तानातले स्फोट पाहिले. त्या दिवसांत लूम थांबली की आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या घरांत तिसऱ्या दिवशी काय होते ते आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून ‘आम्हाला फक्त शांतता हवी’ म्हणणाऱ्या माणसाला भेकड म्हणताना आमची जीभ अडखळते. त्याचा फायदा कोण घेतो हा पुढचा प्रश्न. तो प्रश्न मोठा आहेच.

११ फेब्रुवारीला शुक्रवार होता. लूम बंद, हॉटेल भरलेले. मुबारक गेल्याची बातमी आमच्याकडे रात्री आली. पोरांनी टेबले वाजवली, मालकाने चहा फुकट दिला. दुसऱ्या दिवशी कैरोची पोरे-पोरी झाडू घेऊन तहरीर झाडत होती, रस्त्याच्या कडा रंगवत होती. ती चित्रे आम्ही पेपरातून कापून स्टाफरूमच्या कपाटाला चिकटवली.

पुढचा भाग टीव्हीवर फारसा आला नाही. चौक रिकामा झाल्यावर संप सुरू झाले. गिरण्या, टपाल, बस. ज्यांनी ऐश मागितली होती त्यांना ती हवी होती. त्यावर इजिप्तच्या भल्या माणसांत एक नवा वाक्प्रचार निघाला, ‘अजलत-उल-इन्ताज’, उत्पादनाचे चाक. झाले ना तुमचे, गेला ना मुबारक, आता चाक फिरू द्या! पगार मागणाऱ्यांच्या मागण्यांना ‘फिअवी’ म्हणू लागले, म्हणजे आपापल्या गटापुरत्या, स्वार्थी. मार्च २०११ मध्येच काम थांबवणाऱ्या संपांवर शिक्षा आणि दंड लावणारा कायदा मंत्रिमंडळाने मंजूर केला. सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा तिथले शिक्षक संपावर गेले. सरकारी शाळेतला मिसरी मास्तर अपुऱ्या पगारामुळे संध्याकाळी शिकवण्या घेतो, हे तिथल्या घरोघरी माहीत असलेले दुखणे. बुअझिझी नव्हे, हा माणूस खरा आमचा सगा निघाला.

आणखी एक शब्द आम्हाला तेव्हाच सापडला, ‘हिज्ब-उल-कनबा’. कनबा म्हणजे सोफा. सोफा पार्टी. जे ना मुबारकांच्या बाजूने निघाले ना विरोधात, घरी बसून टीव्ही बघत राहिले, त्यांना थट्टेने हे नाव पडले. नावाची पार्टी नोंदलेली नाही, पण देशातली सर्वांत मोठी तीच, असे मिसरी लोक म्हणत. उर्दूत आपला ‘कुनबा’ म्हणजे कुटुंब. लिहिताना वरचा पेश गाळला की दोन्ही सारखेच दिसतात. हा विनोद आम्ही स्टाफरूममध्ये केला, सगळे पोट धरून हसले. इतिहासाचे सर तर आठवडाभर प्रत्येकाला विचारत होते, ‘‘आप किस पार्टी के?’’

तो विनोद आमच्यावर उलटला २०१५ च्या मार्चमध्ये.

२००९ साली शासनाने आमच्यासारख्या शाळांच्या नावामागचा ‘कायम’ हा शब्द काढून टाकला होता. म्हणजे कायम विनाअनुदानित ऐवजी नुसते विनाअनुदानित. त्या एका शब्दाच्या जाण्यावर आम्ही पेढे खाल्ले. मग मूल्यांकन, तपासण्या, फाइली, याद्या. सहा वर्षे गेली. अधिवेशन चालू असताना आझाद मैदानावर धरणे धरायचे ठरले. आमच्या शाळेतून पाच जण निघाले. मनमाडहून पहाटेची पंचवटी पकडायची, संध्याकाळी तिथेच मुक्काम. इतिहासाच्या सरांनी आमचे नाव यादीत लिहूनच ठेवले होते.

आम्ही म्हणालो, दहावीची परीक्षा चालू आहे. मुलांचे नुकसान होईल.

हे खोटे नव्हते. परीक्षा चालू होती. पण हेही खरे की आमच्या संध्याकाळच्या शिकवण्यांचे हप्ते त्याच आठवड्यात यायचे होते, थोरली मुलगी दीड वर्षाची होती आणि संस्थेच्या एका माणसाने आम्हाला बाजूला घेऊन गोडीत सांगितले होते, ‘‘सर, आप समझदार हैं.’’ मुलांचे नुकसान हे आमचे उत्पादनाचे चाक होते. बोलताना ते इतके सहज तोंडात आले की आम्हाला स्वतःलाच बरे वाटले. पाच जण गेले, चार दिवसांनी उन्हाने काळे होऊन आले. स्टाफरूममध्ये शिरताच इतिहासाच्या सरांनी आम्हाला सलाम ठोकला, ‘‘कैसे हैं, कनबा सर?’’

ते नाव दोन-तीन वर्षे चालले. मुलांपर्यंत गेले नाही, एवढी त्यांची मेहरबानी. (आमच्या घरात सोफा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही, दिवाण आहे. पण हे कोणाला सांगणार?) २०१६ मध्ये पात्र शाळांना वीस टक्के अनुदान मंजूर झाले, त्यात आमची शाळा बसली. जे मैदानात झोपले त्यांना वीस टक्के आणि आम्हालाही वीस टक्केच. कोणी वाटा मागितला नाही.

मध्ये २०१३ राहिले. ते सांगायला जड जाते. जून २०१२ मध्ये मोहम्मद मुर्सी सुमारे ५१.७ टक्के मतांनी निवडून आले होते. वर्षभरात पेट्रोलच्या रांगा, विजेची बोंब, आणि ते सर्वांचे नसून आपल्या संघटनेचेच राष्ट्राध्यक्ष आहेत ही तक्रार. ३० जून २०१३ ला पुन्हा प्रचंड गर्दी रस्त्यावर आली. या वेळी सोफा पार्टीही उठली होती. ३ जुलैला लष्कराने मुर्सींना हटवले. तहरीरवर आतषबाजी झाली, लष्करी विमानांनी आकाशात धुराने हृदये काढली. आणि आम्ही, तहरीरचे नकाशे काढणारे आम्ही, दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले की लोकांनी पुन्हा एकदा राज्यकर्ता बदलला. ‘लोकांनी’ असे म्हणालो. लष्कर हा शब्द आम्ही वापरला नाही. हॉटेलातल्या लूममालकाने तेव्हा आम्हाला विचारले होते, ‘‘सर, चुनके आया था ना वो? फिर फ़ौज का क्या काम?’’ त्याला आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा चहा संपवला असेल.

१४ ऑगस्टला कैरोच्या राबिया चौकातले धरणे सुरक्षा दलांनी मोडून काढले. ह्यूमन राइट्स वॉचने एका दिवसात किमान ८१७ माणसे मेल्याचे नोंदवले. ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. दुसऱ्या सकाळी आमच्याकडे झेंडावंदन. मुले इस्त्रीच्या गणवेशात उभी आणि हेडसरांच्या टेबलावर पेपर पालथा घालून ठेवलेला. कैरोत अनेकांनी, काल-परवापर्यंत लोकशाही म्हणणाऱ्यांनीही, बरे झाले म्हटले. आमच्या हॉटेलातही एकजण म्हणाला. आम्ही त्याच्याकडे पाहिले, पण जुलैत आम्हीही त्याच्याच टेबलावर होतो.

त्यानंतर काही दिवसांनी नववीतला एक मुलगा पेपरातले चित्र घेऊन आला. मोर्चातल्या फलकावर अरबीत तीन शब्दांत दोन होते, ‘जिद्द अल-इन्किलाब’. उर्दू वाचणाऱ्याला अक्षरे लागतात, त्यामुळे त्याने ऐटीत वाचले. ‘‘सर, ये लोग इन्किलाब की जिद पे अड़े हैं ना?’’ आम्हाला क्षणभर काय बोलावे सुचेना. आपल्याकडे इन्किलाब म्हणजे क्रांती. हसरत मोहानींनी ‘जिंदाबाद’ जोडून दिलेला, मुंबईच्या जुन्या उर्दू दैनिकाचे नाव असलेला. अरबीत क्रांतीला म्हणतात ‘सौरा’. इन्किलाब म्हणजे उलटवणे, लष्करी उठाव. आणि जिद्द म्हणजे विरोध. फलकावर लिहिले होते ‘लष्करी उठावाच्या विरोधात’ आणि आमच्या पोराने वाचले ‘क्रांतीची जिद्द’. त्याने एक अक्षरही चुकीचे वाचले नव्हते. त्याला समजावून सांगताना आम्हाला ते सांगावे लागले जे जुलैत टाळले होते. तो म्हणाला, ‘‘लेकिन सर, आपने तो बोला था लोगों ने हटाया.’’ हो, म्हणालो, बोललो होतो. गलत बोललो होतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे मोर्च्यांना आधी सूचना देण्याचा आणि पोलिसांना ते रोखू देण्याचा कायदा आला. आता तहरीर चौकात गर्दी दिसत नाही. ट्युनिशियातही २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली तेव्हा लोक गाड्यांचे भोंगे वाजवीत आनंदाने बाहेर पडले. महागाई, बेकारी, कोरोना, आणि भांडणाऱ्या पुढाऱ्यांचा वीट. दहा वर्षांत ऐश कुठे मिळाली, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता.

इजिप्तमध्ये रेशनचा बलदी पाव १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पाच पियास्त्रला मिळे. जानेवारी १९७७ मध्ये सादात यांनी पावासह खाण्याच्या जिनसांची सबसिडी काढताच दोन दिवस देश पेटला, सत्तरहून अधिक माणसे मेली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. पाच पियास्त्र झाल्यावर त्या किमतीला हात लावायची बरीच वर्षे कोणाची छाती झाली नाही. पाव मात्र बारीक होत गेला. २०२० मध्ये तो ११० ग्रॅमचा ९० ग्रॅम झाला. पौंडाचा भाव २०१६ मध्ये कोसळला, मार्च २०२४ मध्ये पुन्हा कोसळला. आणि १ जून २०२४ पासून पाच पियास्त्रचा पाव वीस पियास्त्रला झाला. चौपट.

अब्बांना हे आम्ही जेवताना सांगितले. लूम सोडून त्यांना बरीच वर्षे झाली, कान जवळजवळ गेलेत, त्यामुळे मोठ्याने सांगावे लागते. ‘‘आपल्या पैशात किती?’’ त्यांनी विचारले. पस्तीसेक पैसे, म्हणालो. ‘‘मग? लोक निघाले?’’

‘‘नाही.’’

अब्बा बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुझे बाकीचे टक्के आले का?’’

२०२५ च्या जुलैत पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा आझाद मैदान ठरले. या वेळी आम्ही गेलो. फार विचार करून गेलो असे नाही. शिकवण्या आता चालत नाहीत, पोरे मोबाइलवर शिकतात. संस्थेतला तो गोड बोलणारा माणूसही राहिला नाही. त्यामुळे शौर्याचा हिशोब मांडू नये. पंचवटीत आमच्या समोर एक नोकरदार गृहस्थ बसले होते. बिल्ले पाहून म्हणाले, ‘‘मास्तर, आमची पोरं इंग्लिश मीडियमला. तुम्ही बसला काय अन् उठला काय.’’ शेजारच्या बाई म्हणाल्या, शाळा सोडून मुंबई बघायला निघालेत. आम्ही गप्प राहिलो. ही वाक्ये आम्हाला पाठ होती, त्यातली काही आम्ही स्वतः म्हटलेली होती.

मैदानात चिखल. निळ्या-पिवळ्या प्लास्टिकखाली राज्यभरातले शिक्षक. इतिहासाच्या सरांना आता साखरेचा आजार आहे, त्यांनी डब्यातली भाकरी आम्हाला अर्धी दिली. मागून कोणीतरी घसा ताणून ओरडले, ‘‘इन्किलाब!’’ हजारो आवाज उठले. सर आमच्या कानाशी आले. ‘‘कौनसा वाला, कनबा सर? अपना या अरबी?’’

‘‘पहले पगार तो आने दो,’’ आम्ही म्हणालो.